कारवारच्या उपसागरात बोटिंग क्लबची सामूहिक फेरी कशी आखावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडचा एखादा बोटिंग क्लब वर्षभर तलावाच्या आणि धरणाच्या पाण्यावर सराव करतो आणि मग एकदा समुद्रावर सर्वांनी मिळून फेरी काढायचे ठरवतो, तेव्हा त्याच्यासाठी कारवारचा उपसागर सर्वांत सोयीचा ठरतो. लोंढा, रामनगर, जोयडा आणि अनशी घाट या वाटेने तो साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. उत्तरेला काळी नदीचे मुख आणि त्यावर उभा असलेला सदाशिवगड, दक्षिणेला बैतखोलचे बंदर, समोर कुर्मगड आणि त्यापलीकडे दीपगृहाचे देवगड बेट अशी या पाण्याची मांडणी आहे. बेटांमुळे आतल्या पाण्याला काहीसा आडोसा मिळतो आणि बोटीवरून किनाऱ्याच्या खुणा सहसा नजरेआड होत नाहीत, म्हणून पहिल्यांदा समुद्रावर येणाऱ्या गटाला हे पाणी झेपते. मात्र ते झेपण्यासाठी एक गोष्ट आधी मान्य करावी लागते: फेरीचे वेळापत्रक रविवार पाहून नव्हे, तर पाणी पाहून ठरते. तलावाचे पाणी सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळी असते, आणि या सवयीमुळेच आपल्याकडची चांगली वल्हेकरी मंडळीही काळीच्या मुखाशी फसतात.

दिवस आणि वेळ

जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते आणि पावसाळा सरेपर्यंत समुद्रही सहलीच्या बोटींसाठी योग्य नसतो. ऑक्टोबरमध्ये पाणी शांत दिसू लागले, तरी पावसाळ्यात नदीमुखाशी वाळूचे दांडे सरकलेले असतात आणि नवी वाट कुठून आहे हे स्थानिक तांडेलांच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्यांच्या, हाताखाली यायला थोडे दिवस जावे लागतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्चपासून दुपारचा वारा लवकर उठतो आणि जोरही धरतो, तेव्हा त्या महिन्यांत फेरी काढायचीच असेल तर ती आणखी आटोपशीर ठेवावी.

महिना ठरल्यावर तिथी पाहावी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती अधिक चढते आणि ओहोटी अधिक खाली जाते; अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते आणि चढ-उतार कमी असतो. कारवारला उधाणाच्या दिवसांत हा फरक सुमारे दीड ते दोन मीटरचा असतो. नवख्यांना वाटते की फरक कमी तेवढे बरे, म्हणून अष्टमी निवडावी. बैतखोलच्या बाजूने निघायचे असेल तर ते बरोबरही आहे, कारण तिथे खोल पाणी आहे आणि वाळूचा दांडा ओलांडावा लागत नाही. परंतु कोडीबागच्या बाजूने, म्हणजे काळीच्या मुखातून बाहेर पडायचे असेल, तर हिशेब उलटा होतो.

त्याचे कारण असे. कोकण किनाऱ्यावर जुना आडाखा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ हाती येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. हा आडाखा मुंबईच्या पाण्याला जवळचा आहे. भरती किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने कारवारला ती त्याआधी येते, म्हणून आलेल्या वेळेतून पाऊण ते एक तास वजा करावा. म्हणजे पौर्णिमेला किंवा अमावास्येला कारवारची भरती सकाळी साधारण साडेदहाला पूर्ण होते आणि त्याआधीची ओहोटी पहाटे साडेचारच्या आसपास तळाला लागलेली असते. सकाळी सातला निघालेल्या बोटी चढत्या पाण्यावर दांडा ओलांडून बाहेर पडतात आणि साडेदहापर्यंत भरल्या पाण्यावरून आत येतात. अष्टमीला याच वेळी नेमकी उतरती असते: सातला निघताना पाणी ओसरत असते आणि अकराच्या सुमारास, सर्व दमलेले असताना, परत येण्याची वेळ तळाच्या ओहोटीवर पडते.

भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. हे लक्षात घेतले की नदीमुखातून निघणाऱ्या सकाळच्या फेरीसाठी पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस योग्य ठरतात. चतुर्दशीला भरती लवकर पूर्ण होते आणि परतताना पाणी उतरणीला लागलेले असते, म्हणून ती टाळावी. यातही एक अपवाद कायम लक्षात ठेवावा. पौष पौर्णिमेला कुर्मगडावर नरसिंहाची जत्रा असते आणि त्या दिवशी मुखापासून बेटापर्यंत माणसांनी भरलेल्या बोटींची ये-जा चालते. दर्शनाला जायचे असेल तर जरूर जावे, पण क्लबची फेरी त्या दिवशी काढू नये.

आडाखा हा दिवस निवडण्यापुरता आहे. घड्याळाची वेळ तक्त्यावरूनच घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावरही ती माहिती मिळते. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे वेळेबरोबर उंचीचा आकडाही टिपून घ्यावा. मधल्या तासांत पाणी किती चढेल याचा अंदाज बारा भागांच्या नियमाने येतो. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंतच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. एकूण चढ १.८ मीटर धरला, तर पहिल्या तासात जेमतेम १५ सेंटिमीटर वाढते, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मात्र प्रत्येकी ४५ सेंटिमीटर. प्रवाहही याच मधल्या तासांत सर्वांत जोराचा असतो. म्हणून ओहोटी तळाला लागल्यावर दोन तास तरी जाऊ द्यावेत आणि मगच दांड्याकडे वळावे.

वारा आणि लाटा

सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंद असतो आणि पाण्यावर फारशी खळबळ करत नाही. ऊन चढले की साधारण अकरा-बाराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. उधाणाच्या दिवशी नेमक्या त्याच सुमारास भरती संपून पाणी बाहेर ओढू लागते. आत येणारा वारा आणि बाहेर जाणारे पाणी नदीमुखाशी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि बाहेर निवांत चाललेली बोट मुखाशी येऊन आपटू लागते. ‘जेवणापर्यंत येऊ की’ असे म्हणणाऱ्या सभासदाला हे आकृती काढून समजावून सांगावे. नुसत्या नियमाने तो ऐकत नाही.

अंदाज पाहताना तीन आकडे पाहावेत: वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि फुगोटीची, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटेची उंची व दिशा. वारा १२ नॉटच्या, म्हणजे तासाला सुमारे २२ किलोमीटरच्या, वर किंवा लाट एक मीटरच्या वर सांगितली असेल तर क्लबच्या गटाने बाहेर पडू नये. हा आकडा मी कडक ठेवतो. अनुभवी तांडेल याहून वाईट पाण्यात रोज जातात, पण त्यांच्या बोटीत पहिल्यांदा समुद्र पाहणारी आठ माणसे नसतात. तिसऱ्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे उठलेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात आणि तेव्हा इथे आकाश निरभ्र असते, वाराही नसतो. इन्कॉइस अशा लाटांचा इशारा आधी देते. असा इशारा असेल तर वाऱ्याचा आकडा कितीही लहान असला, तरी फेरी पुढे ढकलावी, कारण त्या लाटा उथळ दांड्यावरच फुटतात.

शेवटचा अंदाज निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे पाहावा. पहाटे जेटीवर तांडेलाला ‘मामा, आजचं पाणी कसं आहे?’ एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. तो थोडा वेळ पाण्याकडे पाहून ‘चलतलें’ म्हणाला तर ठीक. पण तो नुसता खांदे उडवून पैशांचे बोलू लागला, तर अंदाज पुन्हा उघडून पाहावा.

बोटी, तांडेल आणि कागद

आपल्या तलावातल्या वल्ह्याच्या होड्या ट्रकवर घालून नेण्याचा मोह टाळावा. कारवारला प्रवासी वाहतुकीसाठी नोंदवलेल्या फायबरच्या इंजिनबोटी स्थानिक तांडेलांसह मिळतात आणि पहिल्या काही फेऱ्यांसाठी तोच मार्ग योग्य आहे. बोट ठरवताना नोंदणी, विमा आणि प्रवासी क्षमता हे तीन कागद पाहायला मागावेत. क्षमता बोटीच्या अंगावर लिहिलेली असते. त्यापेक्षा दोन माणसे कमीच बसवावीत, कारण आपल्याबरोबर डबे, पिशव्या आणि कॅमेरेही असतात. २१ जानेवारी २०१९ रोजी कुर्मगडाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटली आणि सोळा माणसे बुडाली. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. ‘एका पोराने काय होते’ या वाक्याला तेव्हापासून कारवारात कोणी हसत नाही. आपणही जेटीवर ते वाक्य ऐकून घेऊ नये.

मंडळी चोवीस असतील तर तीन बोटी घ्याव्यात, दोन मोठ्या नव्हे. एक बोट बंद पडली तर तिची माणसे उरलेल्या दोन बोटींत क्षमतेत सामावली पाहिजेत. बोटींची संख्या याच हिशेबाने ठरवावी. प्रत्येक बोटीत माणशी एक लाइफ जॅकेट, दोरी बांधलेले एक तरंगते गोल कडे, नांगर व पुरेशी लांब दोरी, पाणी उपसायचे भांडे, वल्ही, आग विझवायचे नळकांडे आणि शिट्टी असावी. जॅकेट मोजून पाहणे पुरेसे नाही; घालून, पट्टे ओढून पाहावे. ज्या जॅकेटवर १०० न्यूटन किंवा अधिक लिहिलेले असते ते माणसाला तोंड वर करून तरंगवण्यासाठी बनवलेले असते. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्याच्या मदतीपुरते असते. मुलांसाठी मुलांचेच माप हवे आणि त्याला पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाही तर मूल खाली आणि जॅकेट वर अशी स्थिती होते.

फेरीची माहिती बैतखोलच्या बंदर कार्यालयाला आणि किनारी सुरक्षा पोलिसांना लेखी द्यावी. अर्जात बोटींचे नोंदणी क्रमांक, तांडेलांची नावे, माणसांची यादी, निघण्याची व परतण्याची वेळ आणि मार्ग एवढे असावे. अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असला की टेबलावरून लवकर पुढे सरकतो, तेव्हा क्लबमधल्या कन्नड लिहिणाऱ्या सभासदाकडे हे काम सोपवावे. जेटीवर मात्र कोकणी चालते, आणि आपली मराठी तिथे सहज समजते.

कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा कदंब तळ आहे आणि अंजदीव बेट त्याच्या हद्दीत येते. १४९८ मध्ये वास्को द गामा जिथे थांबला होता ते हे बेट पाहण्याची इच्छा सर्वांनाच होते, परंतु तिकडे बोट वळवायची नाही, जवळून छायाचित्रे काढायची नाहीत आणि ड्रोन तर बरोबरच न्यायचा नाही. बिणगे आणि अर्ग्याच्या दिशेचे पाणी आपल्या नकाशावर लाल पेन्सिलने छाटून टाकावे.

बेळगावात करायची तयारी

निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी सर्व मंडळींना एकदा जलतरण तलावावर बोलवावे. नेहमीच्या कपड्यांत, जॅकेट घालून पाण्यात उतरावे, दहा मिनिटे तरंगावे आणि मग दुसऱ्याच्या मदतीने काठावर चढावे. ज्यांना उत्तम पोहता येते त्यांना हे हास्यास्पद वाटते, पण ओली जीन्स आणि फुगलेले जॅकेट घालून बोटीच्या काठावरून वर येणे किती अवघड आहे हे तिथेच कळते. ज्याला त्या दहा मिनिटांत घाबरल्यासारखे होते त्याला किनाऱ्यावरची कामगिरी द्यावी, आणि ती दुय्यम मानू नये. तिचे महत्त्व पुढे येईलच.

बोटीत बसण्या-उठण्याचा, तोल सांभाळून जागा बदलण्याचा आणि दोरी फेकण्याचा सराव किल्ल्याजवळच्या तलावावर किंवा हिडकलच्या बाजूला, परवानगी असेल तिथे करावा. राकसकोपचा जलाशय शहराच्या पिण्याच्या पाण्याचा असल्याने त्याचा विचारच करू नये. दोरी फेकण्याला मी सर्वांत जास्त वेळ देतो. दहा मीटरवरच्या माणसापर्यंत दोरी पहिल्या फेकीत पोहोचली पाहिजे आणि ती त्याच्या तोंडावर न पडता त्याच्या पलीकडे पडली पाहिजे, म्हणजे ओढताना त्याच्या हाताला लागते. हे वाचून येत नाही.

दोन-तीन गाठीही सर्वांना आल्या पाहिजेत: न सरकणारा फास, खुंटाला दोरी गुंडाळण्याची पद्धत आणि दोन दोऱ्या जोडण्याची गाठ. बैलगाडी भरलेल्या घरातल्या माणसांना यातल्या निम्म्या आधीच येतात.

मार्ग मोजणे

नकाशावर मार्गाची लांबी सागरी मैलांत मोजावी. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. वेळ काढताना सर्वांत हळू बोटीचा वेग धरावा. मार्ग आठ मैलांचा आणि वेग पाच नॉट धरला तर एक तास छत्तीस मिनिटे होतात. त्यात निम्म्याची भर घालून अडीच तास धरावेत. हे अडीच तास भरतीच्या हिशेबात बसले तर मार्ग ठेवावा, नाही तर देवगडचा फेरा कापून कुर्मगडावरूनच वळावे. इंधनाचे तीन भाग करावेत: एक जायला, एक यायला आणि एक न वापरण्यासाठी.

कोडीबागहून निघून मुखाबाहेर, मग कुर्मगडाच्या आतल्या अंगाने, पुढे देवगडच्या दीपगृहाला दुरून वळसा घालून परत असा मार्ग पहिल्या फेरीला पुरेसा आहे. बेटांवर उतरणे मार्गात धरू नये. दोन्ही बेटांचा काठ खडकाळ आहे, लाट असेल तर बोट टेकवणे अवघड जाते, आणि दीपगृहाच्या बेटावर परवानगीशिवाय उतरता येत नाही. नदीत आत, पुलाच्या दिशेने जायचे असेल तर वेगळी चौकशी करावी: काळीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला, तेव्हा कोणत्या गाळ्यातून जायचे हे त्या आठवड्यात तिथून गेलेल्या तांडेलालाच विचारावे.

पाण्यावरची शिस्त

आदल्या रात्री कारवारला मुक्काम करावा; पहाटे अनशी घाट उतरून थेट बोटीत बसलेली माणसे मुखाबाहेर पडताच आजारी पडतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. सकाळी इडली किंवा पोहे असा हलका नाश्ता असावा. बेळगावहून कोणीतरी कुंद्याचा डबा आणतोच. तो परतल्यावर उघडावा.

जेटीवर निघण्यापूर्वी सर्वांसमोर दहा मिनिटे बोलावे. क्रम असा ठेवावा: पुढच्या बोटीत मार्ग जाणणारा तांडेल आणि फेरीचा प्रमुख, मध्ये नवखी मंडळी आणि मुले, शेवटच्या बोटीत सर्वांत अनुभवी सभासद, प्रथमोपचाराची पेटी आणि ओढून नेण्याची जाड दोरी. शेवटच्या बोटीच्या मागे कोणीही राहायचे नाही आणि पुढच्या बोटीच्या पुढे कोणीही जायचे नाही. दोन बोटींत निदान पन्नास मीटर अंतर असावे, पण हात उंचावलेला दिसेल इतकी जवळीकही असावी. पुढची बोट वेग ठरवते असे वाटते. खरे तर तिने दर काही मिनिटांनी मागे वळून शेवटच्या बोटीचा वेग पाहावा आणि तोच आपला मानावा.

खुणा मोजक्याच ठेवाव्यात. एक लांब शिट्टी म्हणजे लक्ष द्या, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत हवी. दोन्ही हात बाजूला पसरून वर-खाली हलवणे ही मदतीची खूण समुद्रावर सगळीकडे ओळखतात, म्हणून कोणाला नुसता निरोप घेण्यासाठी तसे हात हलवू देऊ नयेत. बोटींवर व्हीएचएफ बिनतारी संच असतील तर १६ क्रमांकाची वाहिनी संकटासाठी मोकळी सोडावी आणि आपसातले बोलणे दुसऱ्या वाहिनीवर करावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनारी पोलिसांचा १०९३ हे दोन क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि प्रत्येक बोटीच्या काठावर चिकटवलेल्या कागदावर असावेत.

आता किनाऱ्यावरचा माणूस. त्याच्याकडे संपूर्ण यादी, तांडेलांचे फोन आणि एक ठरलेली वेळ असते. प्रमुखाने मुखाबाहेर पडल्यावर, दूरच्या टोकाला वळताना आणि आत शिरण्याआधी त्याला फोन करावा. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास झाला, फोन लागला नाही, तर त्याने कोणालाही न विचारता १५५४ लावायचा. ‘येतील, थांबा जरा’ असे म्हणणाऱ्या चार माणसांसमोर जो हे करू शकेल असाच माणूस तिथे ठेवावा.

माणसे मोजण्याचे काम प्रत्येक बोटीत एकाच व्यक्तीचे असावे आणि तिने ते बसताना, थांब्यावर आणि उतरताना तिन्ही वेळा मोठ्याने करावे.

मुखापासून बेटापर्यंत

मुखाच्या उथळ भागात ओहोटीला तिसऱ्या या जातीचे आणि इतर शिंपले काढणाऱ्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात. तिथून जाताना इंजिन अगदी मंद करावे, कारण बोटीची लाट त्यांचा तोल घालवते. दांडा ओलांडताना एका वेळी एकच बोट जावी आणि ती पलीकडे पोहोचून स्थिर झाल्यावर दुसरीने निघावे. माणसांनी मध्यभागी खाली बसावे, नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, लाटेला सरळ किंवा थोडी तिरकी असावी. बोट लाटेला आडवी कधीही होऊ देऊ नये.

बाहेर आल्यावर रांपणीची आणि इतर जाळी पाण्यात असतात. ओळीने तरंगणारे गोळे, थर्मोकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या की त्यांच्यामधून न जाता वळसा घालावा. पंख्यात जाळे अडकले तर फेरीही थांबते आणि दुसऱ्याचे हजारो रुपयांचे नुकसानही होते. बैतखोलला ये-जा करणारी जहाजे आणि मोठे ट्रॉलर यांच्या मार्गात रेंगाळू नये. समोरून बोट आली तर दोघींनीही उजवीकडे वळावे. उजवीकडून आडवी येणाऱ्या बोटीला आपण वाट द्यावी. बंदरात शिरताना लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला येतो. जहाजाने पाच आखूड भोंगे दिले तर त्याला आपला हेतू कळलेला नाही असा त्याचा अर्थ. तेव्हा लगेच आणि ठळकपणे वळून दाखवावे.

कुर्मगडाच्या आसपास डॉल्फिन दिसतात, आणि फेरीतला सर्वांत धोक्याचा क्षणही हाच असतो, कारण सगळी माणसे एकदम एका काठाला धावतात. जेटीवरच सांगून ठेवावे की डॉल्फिन दिसले तरी कोणी उठायचे नाही; तांडेल बोट फिरवील आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने दिसेल. डॉल्फिनांचा पाठलाग करू नये. इंजिन मंद करून त्यांच्या बाजूने समांतर जावे, पुढे जाऊन वाट अडवू नये आणि तिन्ही बोटींनी त्यांना घेरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे.

देवगडाजवळून मागे वळून पाहिले की किनाऱ्याची पांढरी रेघ दिसते ती रवींद्रनाथ टागोरांच्या नावाची चौपाटी. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश असताना तरुण रवींद्रनाथ काही काळ कारवारला राहिले होते.

काही बिघडले तर

माणूस पाण्यात पडला तर पाहणाऱ्याने ‘माणूस पडला’ असे ओरडून हात त्याच्या दिशेने धरून ठेवावा आणि नजर हलवू नये. लाटांमध्ये डोके दोन क्षणांत हरवते. दुसऱ्याने कडे फेकावे. तांडेलाने वळसा घेऊन, वाऱ्याकडे तोंड करून हळू जवळ यावे आणि माणूस हाताच्या अंतरावर येण्याआधीच इंजिन बंद करावे. मदतीसाठी कोणीही पाण्यात उडी मारू नये. बाकीच्या बोटींनी दूर थांबावे.

इंजिन बंद पडले तर पहिले काम नांगर टाकणे, दुरुस्ती नंतर. ओहोटी असेल तर बोट बाहेर ओढली जाते आणि झाकण उघडून वायरी पाहत बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. नांगर लागल्यावर शेवटची बोट जाड दोरी देईल. दोरी ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी बसू नये. बोट उलटलीच तर पोहत किनारा गाठण्याचा प्रयत्न न करता उलटलेल्या बोटीला धरून एकत्र राहावे, कारण शोधणाऱ्याला बोट दिसते, एकटे डोके दिसत नाही.

मागे फिरण्याचा निर्णय प्रमुख आणि पुढचा तांडेल यांपैकी कोणीही एकाने घेतला तरी तो अंतिम मानावा. त्यावर बोटीत चर्चा होऊ नये. चर्चा जेटीवर चहा घेताना हवी तेवढी करावी.

परत आल्यावर

सर्व माणसे मोजून झाल्याशिवाय किनाऱ्यावरच्या माणसाला मोकळे करू नये. त्याने लगेच पोलिसांना आणि बंदर कार्यालयाला फेरी संपल्याचे कळवावे. हे राहून गेले तर संध्याकाळी उगाच शोधाशोध सुरू होते.

तांडेलांचे पैसे तिथेच, ठरल्याप्रमाणे चुकते करावेत, आणि फेरी अर्ध्यावर सोडून परत आलो असलो तरी पूर्ण द्यावेत. अर्ध्या फेरीचे अर्धे पैसे अशी घासाघीस केली तर पुढच्या वेळी वाईट पाण्यातही तांडेल मागे फिरायला कचरेल. जॅकेट आणि दोऱ्या गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात. उन्हात ठेवलेली दोरी लवकर कमकुवत होते.

मग क्लबच्या वहीत नोंद करावी: तिथी, तक्त्यातली भरतीची वेळ आणि प्रत्यक्षात पाणी फिरलेले दिसले ती वेळ, दांडा कोणत्या खुणेच्या रेषेत ओलांडला, वारा किती वाजता उठला, कोणाला त्रास झाला, कोणत्या बोटीचा वेग किती निघाला. दांड्याची जागा पुढच्या पावसाळ्यानंतर बदलेल, म्हणून त्या नोंदीपुढे वर्ष ठळक लिहावे. जेवण उरकून दोनच्या आत निघाले, की अनशीचा घाट उजेडात चढून होतो.